एल कामिनितो देल रेय

एल कामिनितो देल रेय (अर्थ: राजाची चिमुकली वाट) ही दक्षिण स्पेनमधील आंदालुसिया या स्वायत्त प्रदेशाच्या मालागा प्रांतात, ग्वादालोर्से नदीच्या घळीतील उभ्या कड्यांना बसवलेली पादचारी वाट आहे. ही वाट १९०१ ते १९०५ या काळात जलविद्युत प्रकल्पाच्या कामगारांसाठी बांधली गेली. पुढे तिची देखभाल थांबली, ती मोडकळीस आली आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस तेथे जीवघेणे अपघात झाले. त्यानंतर बंद ठेवलेली ही वाट पुनर्बांधणीनंतर मार्च २०१५ मध्ये सर्वसामान्यांसाठी खुली करण्यात आली. आज मालागा शहरातून किंवा किनाऱ्यावरील पर्यटनस्थळांवरून मार्गदर्शकासह एका दिवसात करता येणारी सहल म्हणून ती प्रसिद्ध आहे.

नाव

स्पॅनिश भाषेत ‘कामिनो’ म्हणजे वाट किंवा रस्ता. ‘कामिनितो’ हे त्याचे लघुत्वदर्शक रूप असून त्यात लहानपणाबरोबर जिव्हाळ्याचीही छटा आहे. ‘रेय’ म्हणजे राजा. १९२१ मध्ये स्पेनचा राजा तेरावा आल्फोन्सो या भागातील धरणाच्या उद्घाटनासाठी आला होता. त्या वेळी तो या वाटेने गेल्याचे सांगितले जाते. तेव्हापासून हे नाव रूढ झाले. वाट त्याआधी सुमारे सोळा वर्षे वापरात होती आणि तिच्यावरून रोज चालणारे लोक कामगार, पाण्याची देखरेख करणारे कर्मचारी व आसपासचे रहिवासी होते. राजाची एक भेट नावात टिकून राहिली, त्यांची रोजची ये-जा मात्र नावात कोठेही आली नाही.

स्थान व भूरचना

वाट आर्दालेस, आंतेकेरा आणि आलोरा या तीन नगरपालिकांच्या हद्दीतून जाते. मालागा शहरापासून हा भाग वायव्येस सुमारे ६० किलोमीटरवर आहे. घळीचे नाव ‘देस्फिलादेरो दे लोस गायतानेस’ असे असून १९८९ पासून ती संरक्षित नैसर्गिक क्षेत्र आहे. घळ काही ठिकाणी जेमतेम १० मीटर रुंद आहे, तर तिचे कडे काही ठिकाणी ३०० मीटरपर्यंत उंच आहेत. चालणाऱ्याची वाट बहुतेक घळीत नदीच्या पात्रापासून बरीच वर असते आणि शेवटच्या भागात ही उंची १०० मीटरच्या पुढे जाते.

येथील कडे मुख्यतः ज्युरासिक काळातील चुनखडक व डोलोमाइट यांचे आहेत. हे खडक मुळात समुद्राच्या तळाशी आडव्या थरांत साचले. पुढे आफ्रिका आणि युरेशिया ही भूपट्टे एकमेकांकडे सरकत असताना हा प्रदेश दाबला गेला, थरांना वळ्या पडल्या आणि अनेक ठिकाणी ते अक्षरशः उभे झाले. म्हणूनच घळीत चालताना कडा ओळीने उभ्या केलेल्या पुस्तकांसारखा दिसतो. नदीने या उभ्या थरांना आडवे छेदत आपला मार्ग कोरला आहे. चुनखडक पाण्यात हळूहळू विरघळतो, त्यामुळे कड्यांत गुहा, भोके आणि गुळगुळीत झालेल्या कुंडांसारख्या पोकळ्या जागोजागी दिसतात. खडकात अमोनाइट या नामशेष सागरी प्राण्याचे जीवाश्मही आढळतात. वाटेच्या उत्तरेकडील आर्दालेस भागात याहून बराच नवा, मायोसीन काळातील वालुकाश्म दिसतो. तो मऊ असल्याने वाऱ्यापावसाने त्यात गोलसर कपारी तयार झाल्या आहेत. एकाच दिवसाच्या चालीत हे दोन्ही खडक पाहता येणे ही भूगोलाच्या विद्यार्थ्यांसाठी या जागेची मोठी सोय म्हणावी लागेल.

घळ एकसलग नाही. उत्तरेकडून आल्यास प्रथम गायतानेहो ही अरुंद घळ लागते, पुढे ‘व्हाये देल ओयो’ नावाचे मोकळे खोरे येते आणि त्यानंतर गायतानेस ही सर्वांत खोल घळ लागते. मधल्या खोऱ्यात पाइन वृक्ष, रोझमेरी आणि इतर भूमध्यसागरी झुडपे आहेत. कड्यांवर ग्रिफन जातीच्या गिधाडांची वसाहत आहे. ऊन तापून हवा वर चढू लागली की ही गिधाडे त्या प्रवाहावर पंख न हलवता घिरट्या घेतात. म्हणून पहाटेपेक्षा सकाळ थोडी वर आल्यावर ती अधिक दिसतात. पायवाटेच्या उंचीमुळे गिधाड डोळ्यांच्या पातळीवर किंवा कधी पायांखालून उडताना दिसते.

इतिहास

वाटेचे प्रयोजन समजण्यासाठी आधी नदीकडे पाहावे लागते. घळीतून जाताना ग्वादालोर्से नदी थोड्या अंतरात बरीच उंची गमावते. पाण्याची ही घसरण वीजनिर्मितीसाठी वापरता येईल, असे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अभियंत्यांच्या लक्षात आले. घळीच्या वरच्या टोकाशी गायतानेहो येथे आणि खालच्या टोकाशी एल चोर्रो येथे जलविद्युत निर्मितीची ठिकाणे उभी राहिली. वरचे पाणी नदीत सोडून न देता कालव्याने कड्याच्या कडेकडेने नेले आणि एल चोर्रो येथे एकदम खाली सोडून जनित्रे फिरवली. कालवा काही ठिकाणी बोगद्यांतून जातो, तर काही ठिकाणी उघडा आहे. या कामाचा प्रमुख अभियंता राफाएल बेन्हुमेआ बुरिन हा होता. तो पुढे १९२५ ते १९३० या काळात स्पेनचा सार्वजनिक बांधकाम खात्याचा मंत्रीही होता.

कालवा म्हटला की त्याची देखरेख आली. दरड कोसळली, गाळ साचला, पाणी झिरपू लागले तर माणसाला तेथवर पोहोचता आले पाहिजे. दोन केंद्रांच्या मध्ये साहित्य नेणे-आणणेही गरजेचे होते. डोंगराला वळसा घालून जाणे लांब पडत होते. त्यामुळे कालव्याच्या सोबतीने कड्यावरच एक वाट बसवण्यात आली. खडकात सुमारे ४५ अंशांच्या कोनात लोखंडी टेकू रोवून त्यांवर रूळ टाकले गेले आणि रुळांवर काँक्रीटची पातळ पाटी ओतली गेली. वाटेची रुंदी सुमारे एक मीटर होती व एका बाजूला साधा कठडा होता.

यातून एक गोष्ट उलगडते, जी अनेक पर्यटकांच्या लक्षात येत नाही. वाट बरीचशी सपाट आहे आणि दक्षिणेकडे जाताना दरी मात्र अधिकाधिक खोल होत जाते. याचे कारण वाट चढते असे नसून नदी उतरते हे आहे. कालव्यातील पाणी उंची राखून नेणे हाच प्रकल्पाचा गाभा होता आणि वाटेने कालव्याची पातळी धरली. शेवटच्या झुलत्या पुलावर पोट ढवळून काढणारी जी खोली जाणवते, तीच एल चोर्रोच्या जनित्रांना मिळणारी पाण्याची उंची होती.

कड्यावरील बांधकामासाठी दोरांवर लोंबकळून काम करण्याची सवय असलेल्या खलाशांना आणले होते, असे स्थानिक परंपरा सांगते. वाट पूर्ण झाल्यावर ती केवळ कंपनीच्या कर्मचाऱ्यांपुरती राहिली नाही. घळीच्या दोन्ही टोकांना राहणाऱ्या कुटुंबांसाठी ती ये-जा करण्याचा जवळचा मार्ग ठरली.

वाटेच्या उत्तरेस, तुरोन नदीवर १९१४ ते १९२१ या काळात मोठे धरण बांधण्यात आले. मे १९२१ मध्ये त्याच्या पूर्णत्वाच्या समारंभाला राजा तेरावा आल्फोन्सो आला. ज्या दगडी आसनावर बसून आणि दगडी मेजावर ठेवून राजाने काम पूर्ण झाल्याच्या कागदावर सही केली, ते आजही धरणाजवळ पाहायला मिळतात. बेन्हुमेआ याला ‘कोंदे दे ग्वादालोर्से’ म्हणजे ग्वादालोर्सेचा काउंट हा किताब मिळाला आणि धरणही पुढे त्याच नावाने ओळखले जाऊ लागले.

ऱ्हास आणि अपघात

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वाटेची गरज कमी झाली आणि तिच्याकडे दुर्लक्ष झाले. कठडा जवळजवळ नाहीसा झाला. काँक्रीटच्या पाट्यांना भोके पडली, काही ठिकाणी पाटी पूर्ण कोसळून केवळ लोखंडी रूळ हवेत उरले. त्याच काळात एल चोर्रो हे प्रस्तरारोहणाचे युरोपातील मोठे केंद्र बनत होते. कड्यांवरील आरोहणमार्गांपर्यंत जाण्यासाठी गिर्यारोहक हीच मोडकी वाट वापरत आणि भिंतीला बांधलेल्या पोलादी तारेला स्वतःला अडकवून पुढे सरकत.

१९९९ आणि २००० मध्ये येथे झालेल्या अपघातांत माणसे दगावली. त्यानंतर प्रशासनाने वाटेची दोन्ही प्रवेशद्वारे बंद केली आणि सुरुवातीचा काही भाग काढून टाकला, जेणेकरून कोणी सहज वर चढू नये. तरीही लोक चोरवाटांनी जात राहिले. आंतरजालावर चित्रफिती पसरू लागल्यावर ‘जगातील सर्वांत धोकादायक वाट’ हे बिरुद तिला चिकटले आणि बंदीमुळे तिचे आकर्षण उलट वाढले. हे बिरुद आजही जाहिरातींत सर्रास वापरले जाते, पण ते जुन्या, मोडक्या वाटेचे आहे. आजच्या वाटेला ते लागू होत नाही.

पुनर्बांधणी

२०११ मध्ये आंदालुसियाचे प्रादेशिक शासन आणि मालागा प्रांताचे प्रशासन यांनी वाटेच्या पुनर्बांधणीचा खर्च वाटून घेण्याचे ठरवले. आराखडा वास्तुविशारद लुईस माचुका यांनी तयार केला. जुनी वाट दुरुस्त करायची, पाडायची की तशीच ठेवायची, हा यातील कळीचा प्रश्न होता. जुने लोखंड गंजलेले होते व त्यावर भार देणे शक्य नव्हते, पण ते उपटून टाकले असते तर कामगारांच्या वाटेचा एकमेव पुरावा नाहीसा झाला असता.

स्वीकारलेला मार्ग असा: खडकात नव्याने छिद्रे पाडून त्यांत पोलादी आधार घट्ट बसवले आणि त्यांवर लाकडी फळ्यांची नवी वाट केली. ती बहुतेक ठिकाणी जुन्या वाटेच्या किंचित वर किंवा अगदी लगत आहे. जुनी वाट, तिचे भगदाड पडलेले काँक्रीट आणि वाकलेले रूळ खाली जसेच्या तसे राहू दिले आहेत. त्यामुळे चालणारा माणूस सुरक्षित फळीवर उभा राहून पायाखाली १९०५ ची वाट पाहू शकतो. या कामाचे यश बहुधा काचेच्या सज्जात नाही, या संयमात आहे. बाहेरच्या बाजूला तारांचा कठडा आणि आतल्या बाजूला धरण्यासाठी तार आहे. एका ठिकाणी काचेचा तळ असलेला छोटा सज्जा दरीवर पुढे काढला आहे.

गायतानेस घळीच्या टोकाला सुमारे ३५ मीटर लांबीचा झुलता पूल आहे. तो नदीपासून सुमारे १०५ मीटर उंचावर असून वाऱ्यात किंचित हलतो. त्याच्या शेजारीच कालव्याचे पाणी घळ ओलांडून नेणारा जुना जलसेतू दिसतो. तो अभियंता एउहेनियो रिबेरा याचे काम आहे. स्पेनमध्ये काँक्रीटचा वापर रुजवणाऱ्या पहिल्या पिढीतील अभियंत्यांत त्याची गणना होते.

मार्गदर्शित सहलीचे स्वरूप

वाटेची एकूण लांबी ७.७ किलोमीटर आहे. त्यांपैकी कड्यावरील फळ्यांचा व घळीतील मुख्य भाग २.९ किलोमीटरचा असून उरलेले ४.८ किलोमीटर दोन्ही टोकांकडील साधे रस्ते व पायवाटा आहेत. चाल एकाच दिशेने, उत्तरेकडील आर्दालेसपासून दक्षिणेकडील एल चोर्रोपर्यंत करावी लागते. मध्येच परत फिरता येत नाही. एकूण वेळ साधारण तीन ते चार तास लागतो. सोमवारी वाट बंद असते.

प्रवेश दोन प्रकारांनी मिळतो. सर्वसाधारण तिकिटावर माणूस आपल्या गतीने एकटा जाऊ शकतो. मार्गदर्शित फेरीत अधिकृत मार्गदर्शक गटाला घेऊन जातो आणि गटातील प्रत्येकाला त्याचे बोलणे ऐकण्यासाठी श्रवणयंत्र मिळते. याशिवाय खासगी सहल कंपन्या मालागा, किनाऱ्यावरील गावे, सेव्हिल, रोंदा इत्यादी ठिकाणांहून बस, तिकीट व मार्गदर्शक असे सर्व एकत्र देतात. नोंदणी करताना हा फरक नीट पाहावा, कारण वाटेच्या केवळ मार्गदर्शित तिकिटात शहरापासूनचा प्रवास धरलेला नसतो. प्रवेशाची वेळ ठरलेली असते व रोजची संख्या मर्यादित असते. वसंत आणि शरद ऋतूंतील तिकिटे बरीच आधी संपतात. सर्वसाधारण तिकिटे संपल्यावरही सहल कंपन्यांकडील जागा कधी कधी शिल्लक असतात. अनेक प्रवासी खरे तर याच कारणाने मार्गदर्शित सहल निवडतात.

सहलीचा दिवस साधारण असा जातो. सकाळी शहरातून निघालेली बस सुमारे तासाभरात जलाशयांच्या परिसरात पोहोचते. येथे तीन मोठे जलाशय जवळजवळ आहेत आणि त्यांच्या काठी उपाहारगृहे आहेत. स्वच्छतागृहाचा वापर येथेच करून घ्यावा, कारण कड्यावरील वाटेवर ती सोय नाही. पाणीही सोबत घ्यावे लागते. रस्त्यालगतच्या बोगद्यातून पलीकडे गेल्यावर पाइनच्या झाडीतून पायवाट सुरू होते. प्रवेशचौकीपर्यंत जाण्याचे दोन मार्ग आहेत, एक सुमारे १.५ किलोमीटरचा आणि दुसरा २.७ किलोमीटरचा. ठरलेल्या वेळेआधी पोहोचण्यासाठी हे अंतर हिशेबात धरणे आवश्यक असते. चौकीवर तिकीट व ओळखपत्र पाहिले जाते, डोक्यावर घालायची पातळ जाळी आणि हेल्मेट दिले जाते, नियम सांगितले जातात.

हेल्मेट उतरवण्यास वाटेवर मनाई आहे. ते पडण्याच्या भीतीसाठी दिलेले नसून वरून निसटणाऱ्या खड्यांसाठी आहे. गिधाडांच्या आणि रानबकऱ्यांच्या हालचालींनीही लहान दगड सुटू शकतात. चालणाऱ्याला दोर किंवा पट्टा बांधलेला नसतो. आठ वर्षांखालील मुलांना प्रवेश नाही. अंगठ्याच्या चपला, छत्री, मोठी पाठपिशवी आणि छायाचित्रासाठीची काठी चालत नाही. जोराचा वारा किंवा मुसळधार पाऊस असेल तर वाट त्या दिवसापुरती बंद केली जाते. अशी सूचना कधी ऐनवेळी येते. त्यामुळे प्रवासाच्या आराखड्यात एखादा दिवस मोकळा ठेवणारे प्रवासी शहाणे ठरतात. जुलै व ऑगस्टमध्ये या भागात कडक उन्हाळा असतो आणि मधल्या खोऱ्यात सावली कमी आहे. तेव्हा सकाळची वेळ घेणे बरे.

उंचीची भीती असणाऱ्यांनी जावे की नाही, हा नेहमीचा प्रश्न आहे. वाट रुंद व कठडा भक्कम असल्याने सौम्य भीती असलेले बरेच लोक ती पूर्ण करतात. पहिली गायतानेहो घळ तुलनेने कमी उंचीची आहे, त्यामुळे शरीराला सवय होण्यास अवधी मिळतो. खरी कसोटी व्हाये देल ओयोनंतर लागते आणि तेथून परतीची मुभा नाही. तीव्र भोवळ येणाऱ्यांनी हे आधीच लक्षात घ्यावे.

मार्गदर्शकाचा उपयोग सुरक्षिततेपेक्षा अर्थ लागण्यासाठी अधिक आहे. वाट एकच आणि स्पष्ट असल्याने चुकण्याचा संभव नाही. मात्र कोणी सांगितले नाही तर मधल्या खोऱ्यातील कालव्याचे पात्र हे नुसते काँक्रीटचे चर वाटते, भिंतीतील अमोनाइट नजरेतून सुटतो, आणि समोरच्या कड्यातील बोगदे हे १८६५ साली सुरू झालेल्या कोर्दोबा–मालागा लोहमार्गाचे आहेत हे कळत नाही. गटात जाण्याचा तोटाही आहे. गटाची गती सर्वांनी पाळायची असते आणि गिधाडे पाहत अर्धा तास थांबायची मुभा मिळत नाही. पक्षिनिरीक्षकांनी शक्य झाल्यास सर्वसाधारण तिकीटच घ्यावे.

झुलता पूल ओलांडल्यावर वाट कड्यावरून पायऱ्यांनी उतरत बाहेर पडते. येथे हेल्मेट परत केले जाते. पुढे सुमारे दोन किलोमीटर चालल्यावर एल चोर्रो गाव व रेल्वे स्थानक लागते. वाट एकमार्गी असल्याने दोन्ही टोकांच्या दरम्यान बससेवा आहे. सहल कंपनीची गाडी बहुधा एल चोर्रो येथेच थांबते. मालागाहून रेल्वेनेही एल चोर्रोपर्यंत येता येते. गाड्या थोड्या असल्याने परतीची वेळ आधीच पाहून ठेवावी लागते.

पर्यटनाचा परिणाम

पुनर्बांधणीनंतर येथे दरवर्षी सुमारे तीन लाख लोक येऊ लागले. आर्दालेस व आलोरा ही लहान गावे आहेत. शेतीबरोबर उपाहारगृहे, निवासस्थाने आणि मार्गदर्शनाची कामे यांतून तेथे नवे उत्पन्न सुरू झाले. दुसरीकडे, घळ हे गिधाडांचे विणीचे ठिकाणही आहे. प्रवेशाची मर्यादा, एकमार्गी चाल आणि ठरलेल्या वेळा यांमुळे गर्दी विभागली जाते. हे नियम जसे माणसांसाठी आहेत, तसेच घळीतील शांततेसाठीही आहेत. वाटेवर मोठ्याने ओरडून प्रतिध्वनी ऐकणे म्हणूनच योग्य मानले जात नाही.

चित्रपटात

दुसऱ्या महायुद्धाच्या पार्श्वभूमीवरील आणि फ्रँक सिनात्रा यांची भूमिका असलेल्या ‘व्हॉन रायन्स एक्सप्रेस’ (१९६५) या चित्रपटाच्या अखेरच्या भागाचे चित्रीकरण या घळीत झाले. लोहमार्गाचा पूल आणि कड्यावरील जुनी वाट त्यात दिसते. कथेत हा भाग इटलीचा म्हणून दाखवला आहे.

परिसरातील स्थळे

वाटेच्या उत्तर टोकापासून जवळ डोंगरावर बोबास्त्रोचे अवशेष आहेत. कोर्दोबाच्या अमीराविरुद्ध उमर इब्न हफ्सुन याने नवव्या शतकाच्या उत्तरार्धात उभारलेल्या बंडाचे हे मुख्य ठाणे होते. त्याच्या मृत्यूनंतरही प्रतिकार चालू राहिला व ९२८ मध्ये ठाणे पडले. येथे वालुकाश्मात कोरलेले चर्च अपूर्ण अवस्थेत आहे. आर्दालेसजवळील गुहेत पुराश्मयुगीन चित्रे असून गुहेचे तोंड १८२१ च्या भूकंपानंतर उघडे पडले. सकाळच्या लवकरच्या फेरीने वाट पूर्ण करणाऱ्यांना त्याच दिवशी बोबास्त्रो पाहता येते. आर्दालेसच्या गुहेसाठी मात्र वेगळी पूर्वनोंदणी करावी लागते.